चौथं टोक

“चार टोकांना चार हात, एक सुटलं की सगळं मातीत.” सासूचा हा आवाज थोरलीच्या कानात कायमचा वस्तीला होता. ओल्या चादरी झटकत, अर्धं गात, अर्धं दटावत तिनं दोघी सुनांना घडी घालायला शिकवलं होतं.

आता सासू नव्हती. लाँड्री होती, लॉजवरून आलेल्या चादरींचे ढीग होते, आणि दोघी जावांमध्ये अबोला होता. कारण एवढंच, की अंथरुणाला खिळलेल्या सासूपाशी जास्त रात्री कुणी जागवल्या. सासू गेली, रात्री संपल्या, भांडण तेवढं जागं राहिलं. पण चादरीची घडी एकटीला नीट घालता येत नाही. म्हणून दोघी रोज समोरासमोर उभ्या राहत. ताणत, पुढे येत, टोकाला टोक भिडवत, मागे सरत. बोटांना बोटं लागत. शब्दाला शब्द लागत नसे.

त्या सकाळी धाकटीच्या डाव्या हातातलं टोक सुटलं. पांढरीशुभ्र चादर फरशीवर लोळली. धाकटीची बोटं मात्र तशीच हवेत राहिली, चिमटीत काही धरल्यासारखी. थोरलीचं डोकं तडकलं. एक तर ही चादर पुन्हा धुवायची, त्यात लॉजवाल्यांची घाई. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ. आणि ही बया चिमूट धरून वाकुल्या दाखवतेय! ओठांवर आलेलं थोरलीनं गिळलं. आधी बोलायचं कुणी? आपण तर नाहीच.

दुसरी चादरही पडली. थोरलीनं मग टेबलावर पसरून एकटीनंच वेड्यावाकड्या घड्या घालायला घेतल्या. धाकटी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली, ती बसूनच राहिली. जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही. आज रुसवा अंमळ जास्तच आहे, एवढंच थोरलीच्या मनात आलं. इस्त्री फुसफुसत राहिली. खिडकीच्या काचेवर वाफ चढत राहिली.

दोन वाजून गेल्यावर दीर गाडी घेऊन परतला. “काय, आजही मुक्यांचाच बाजार?” तो दारातूनच हसला. “तुमच्यापेक्षा ती यंत्रं बरी, धडधडतात तरी.” मग बायकोकडे वळला. “आणि तू गं? अशी का बसलीस?”

धाकटी बोलली. शब्द भिजलेल्या गोधडीसारखे निघाले. जड, गुंतलेले, फरफटत.

थोरलीच्या हातातली इस्त्री थांबली. सासूच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, चेहरा, हात, बोलणं, यातलं एक जरी बिघडलं तरी घड्याळ बघा आणि धावत या. तेव्हा ते ऐकून उपयोग उरला नव्हता.

ती धाकटीपुढे गुडघे टेकून बसली. “हस,” ती म्हणाली. कितीतरी महिन्यांनी तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द. धाकटी बिचारी हसली. चेहरा अर्धाच हसला.

“आता दोन्ही हात वर कर.”

उजवा वर गेला. डावा निघाला, आणि अर्ध्या वाटेतून मांडीवर पडला. त्याची बोटं अजून चिमटीतच होती. तेव्हा कुठे थोरलीला कळलं. सकाळी ती वाकुल्या दाखवत नव्हती. टोक अजून आपल्या हातात आहे, असंच तिला वाटत होतं.

“वाफेनं झालं असेल, वहिनी,” दीर म्हणाला. “घटकाभर पडू दे. येईल ताळ्यावर.”

“सासूबाईंनाही आपण घटकाभरच पडू दिलं होतं, भावजी. गाडी फिरवा.”

दवाखान्यात डोक्याचा स्कॅन झाला. तरुण डॉक्टरीणबाई खाटेपाशी आल्या.

“मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे. पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच ते देता येतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, जीवावरही बेतू शकतं. नीट आठवून सांगा, सुरुवात कधी झाली?”

“दोननंतर,” दीर घाईनं म्हणाला. “सकाळी मी निघालो तेव्हा ठणठणीत होती. हे आत्ताचंच आहे. हो ना, वहिनी?”

“मग वेळेत आणलंत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नर्स ट्रे आणायला वळली. दिराचे डोळे भरून आले. त्यानं थोरलीपुढे हात जोडले. “तुमच्यामुळे वाचली हो ती. मी तर झोपवत होतो तिला.”

थोरली गप्प होती. गप्प राहणं तिनं महिनोन्‌महिने लेकरासारखं जोपासलं होतं. आणखी एकदा गप्प राहिली असती, तर या जोडलेल्या हातांना कधी काही कळलं नसतं.

खाटेवरच्या चादरीचं एक टोक खाली लोंबत होतं, जमिनीला टेकलं होतं. तिनं ते उचललं आणि धाकटीच्या निपचित डाव्या हाताखाली खोचलं. धाकटीनं चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं. नर्सच्या ट्रेचा खणखणाट जवळ आला.

“थांबा,” थोरली म्हणाली. “दुपारी नाही. सकाळी नऊला. हिच्या हातातून टोक सुटलं, तेव्हा मी घड्याळ पाहिलं होतं. हिच्याशी बोलायचं नव्हतं, म्हणून काय झालं ते विचारलं नाही.”