भीतिमापक पट्टा

“तौसीफ आमच्या डोळ्यांदेखत वाढलाय, साहेब. त्याची कसली भीती?” कुमुदबाईंनी कोर्टात ठणकावून सांगितलं. एवढ्यात त्यांच्या मनगटावरचा भीतिमापक पट्टा लाल झाला.

“साक्ष उत्तम झाली, बाई,” न्यायाधीश म्हणाले. “पण दहशतवादाच्या खटल्यात कायदा पट्ट्याचं ऐकतो. शेजाऱ्यांना आरोपीची भीती वाटते, सबब जामीन नामंजूर.”

बाहेर तौसीफची आई, शमीमबी, पायरीवर बसली होती. कुमुदबाई घाईघाईने म्हणाल्या, “अहो, मी पोलिसांना घाबरले हो! केवढा तो बंदोबस्त!”

“असू द्या, वहिनी. माझा पट्टा पण लाल झाला होता. त्या बंदुका बघून.” शमीमबीने सरकून त्यांना जागा करून दिली.

कुमुदबाईंना बसवेना. मघाशी कोर्टात समोरच्या पिंजऱ्यातून तौसीफ त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसला होता, नेमका तेव्हाच त्यांचा पट्टा लाल झाला होता.