जॉस गॅथरिगचा कोट

“गॅथरिग,” रॉलिंसनने हाळी दिली आणि पबच्या मागचं अंगण चिडीचूप झालं.

खोऱ्यातले सगळे मेंढपाळ जमले होते. डोंगरावरून कळप उतरवले की एकाच्या मेंढ्यांत दुसऱ्याच्या चुकार मेंढ्या निघतात. त्या या दिवशी ज्याच्या त्याला परत करायच्या. आधी घराण्याचं नाव पुकारायचं. त्या नावाचा जो माणूस स्वतः डोंगर चढला असेल त्याने “आहे” म्हणायचं. तीन हाकांना ओ आली नाही, तर त्या घराची डोंगरावरची चराई शेजाऱ्याकडे जायची आणि कळप विकला जायचा. गॅथरिगांचा शेजारी खुद्द नावं पुकारणारा रॉलिंसनच होता.

हेस्टर गॅथरिग बाकावर बसली होती, मांडीवर भावाचा जुना कोट. जॉस वसंतात गेला आणि या नावाची ती एकटी उरली. नाव होतं, आवाजही खणखणीत होता, पण गुडघे साथ देत नव्हते. यंदा डोंगर चढली होती ती रूबी.

“आहे म्हणून टाका ना, मावशी,” रूबी कुजबुजली. “कोण विचारायला बसलंय?”

“मी बसलेय,” हेस्टर म्हणाली. “आमच्यात आजवर कुणी खोटी ओ दिलेली नाही.”

रूबी लीड्स शहरातून एका हंगामापुरती कामाला आली, ती परत गेलीच नाही. आडनाव स्मिथ. जॉस तिला चिडवायचा, “स्मिथ हे काय आडनाव झालं? कुठलाही दगड उचला, खाली एक स्मिथ.” गॅथरिगांचं तसं नव्हतं. घरामागच्या कड्याचं जे नाव, तेच घराण्याचं. आडनावांचा अभ्यास करणारा एक चष्मेवाला एकदा लंडनहून आला होता. टेबलावर नकाशा पसरून म्हणाला, बाई, तुमचं नाव टाचणीच्या टोकाखाली मावतं, या खोऱ्याबाहेर ते कधी रुजलंच नाही. एक जण कॅनडाला गेला, त्याला सगळ्या मुलीच झाल्या. एक दर्यावर्दी झाला, त्याला दर्यानेच ठेवून घेतलं. बाकीचे सगळे चर्चच्या आवारात, मातीखाली.

“असं का झालं असावं?” त्याने विचारलं होतं.

हेस्टरने खिडकीतून डोंगर दाखवला. “वर कुंपण दिसतंय कुठं? आई जिथं चरते तिथंच पिल्लू चरतं, मग त्याचं पिल्लू. मेंढरं हलत नाहीत, मग आम्ही कशाला हलू?” त्यावर त्या माणसाने आदराने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. हेस्टरला ते फार आवडलं होतं.

“गॅथरिग.” दुसरी हाक.

“अरे, सोडा की या वेळी,” मागून कोणीतरी म्हणालं. “पोरीने भर धुक्यात कळप उतरवलाय, एकही मेंढी मागे नाही.”

“मान्य. इतका चांगला कळप यंदा मीही उतरवला नाही,” रॉलिंसन म्हणाला. “पण एकदा नियम वाकवला की संपलं. म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो.”

“म्हातारी इथं बसलीय, रॉलिंसन,” हेस्टर म्हणाली, “आणि कानांनी धडधाकट आहे.”

अंगण हसलं. रॉलिंसनही हसला, पण मागे हटला नाही. हेस्टरला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी जॉस असता तर त्यानेही हेच केलं असतं.

तिला जॉस गेला ती सकाळ आठवली. तो आत खाटेवर निपचित पडलेला, आणि बाहेर गोठ्यात रूबी डोळे पुसत एका मेलेल्या कोकराचं कातडं सोलत होती. ते कातडं तिने एका पोरक्या कोकराच्या अंगावर चढवलं. मेलेल्याची आई आली, तिने हुंगलं, आपल्याच पिल्लाचा वास आला आणि ती पाजायला उभी राहिली. चार दिवसांनी रूबीने कातडं काढून टाकलं, तरी मेंढी पाजतच राहिली. खोऱ्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्या सकाळी ते खिडकीतून बघताना हेस्टरचं रडं थांबलं होतं.

बाकाला धरून ती उठली आणि तिने जॉसचा कोट पसरून धरला.

“रूबी, इकडे ये. हात घाल.”

“काय करताय, मावशी?”

“हात घाल म्हणते ना.”

बाह्या लांब होत्या. हेस्टरने त्या दुमडल्या नाहीत. तिने गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. कोटाला अजून जॉसचा वास होता, तंबाखूचा, ओल्या कुत्र्याचा, लोकरीचा. अंगणातल्या म्हाताऱ्यांना काय चाललंय ते रूबीच्या आधी कळलं. एकाने टोपी काढली, मग दुसऱ्याने.

“पण मावशी, मी तर स्मिथ...”

“गप्प उभी राहा. पिल्लू बोलत नसतं.”

रॉलिंसनने डोंगराकडे पाहिलं. खोऱ्यातलं सगळ्यात चांगलं गवत गॅथरिगांच्या चराईत होतं. त्याच्या बापाचाही त्यावर डोळा होता.

“गॅथरिग.” तिसरी हाक.

रूबीने हेस्टरकडे पाहिलं. हेस्टर नुसती उभी होती.

“आहे,” रूबी म्हणाली.

रॉलिंसन पायरी उतरून तिच्यासमोर आला. जॉस आणि तो शाळेत एका बाकावर बसायचे. त्याने कोटाची कॉलर मुठीत धरली, वाकला आणि हुंगली. सरळ झाला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. मग त्याने स्वतःच्या हाताने फाटक उघडलं आणि गॅथरिगांच्या मेंढ्या रूबीकडे सोडल्या.

“चार दिवस अंगात राहू दे, पोरी,” तो म्हणाला. “मग काढलास तरी चालेल.”