न भरलेले रकाने

"व्यसन, नाही. आजार, नाही. आधीचं लग्न, नाही." सुनीतीच्या वडिलांनी, श्यामसुंदररावांनी, वधूवर मंडळाचा कागद तिसऱ्यांदा वाचला. कोपरखैरण्याच्या त्या वन-रूम-किचनमध्ये ऐकायला सातजण होते. "उंची तेवढी शून्य छापलीय."

समोर बसलेला अभिराम साडेपाच फूट तरी होता. त्याने तक्रार केली नाही.

सुनीती चहाचा ट्रे घेऊन उभी होती. हे सतरावं स्थळ. मंडळाचा प्रोग्राम वाशीच्या ऑफिसात बसून तिनेच लिहिला होता, त्यामुळे ते शून्य तिच्या ओळखीचं होतं. नव्या उमेदवाराची नोंद तयार झाली आणि एखादा रकाना भरायचा राहिला, की जावा ही प्रोग्रामची भाषा तो आपल्या मनाने भरते. आकड्याच्या जागी शून्य, हो-नाहीच्या जागी नाही.

"बाबा, ते 'नाही' मशीनचं आहे. यांचं नाही."

"मग तर बरोबरच असणार," बाबा म्हणाले.

पाच मिनिटं बोलून घ्या म्हणून दोघांना गॅलरीत सोडलं.

"फॉर्म कोणी भरला?" तिने विचारलं.

"आत बसलेत त्या आमच्या नामदेवकाकांनी. नाव-पत्ता लिहिला. म्हणाले, बाकीचं कम्प्युटर बघतो."

"आणि आधीचं लग्न?"

अभिराम दोरीवरच्या टॉवेलकडे बघत म्हणाला, "झालंय. आठ महिने टिकलं. पाच घरं फिरलो, विचारलं तुम्हीच."

"मग सांगायचं ना."

"कागद वाचून माणसं इतकी खूश होतात. मधे कुठे तोंड घालणार?"

तिला राग यायला हवा होता. पण रागवायलाही अंगात त्राण लागतं. आधीच्या सोळा स्थळांसमोर ती तरी कुठे काही बोलली होती?

दोघं आत आली. सुनीती खाली बघत बसली.

"मुलगी गप्प आहे," नामदेवकाका म्हणाले. "म्हणजे होकार."

"होकारच," बाबा म्हणाले, आणि कोणीतरी तिच्या तोंडात पेढा कोंबला.

सुनीतीने पेढा सावकाश चावला, गिळला, वर पाणी प्यायली.

"काका, मला अजून कोणी विचारलेलं नाही. विचारा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. नेमकं कोणी विचारायचं असतं, हे त्यांच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं.