पुंगळी काढलेली गाडी

रविवारी सकाळी साडेदहाला कोगनोळीची मंगल निपाणीतल्या एका सायलेन्सरच्या दुकानात शिरली. बरोबर कोणी नव्हतं. गाडीही नव्हती.

दुकानदार सौरव पाना पुसत उठला. "पत्ता चुकलासा काय, आक्का?"

"न्हाय. सायलेन्सर बघायचाय. पोराच्या गाडीला."

"भांडायला न्हवं? इथं आया नुसत्या भांडायलाच येत्यात." त्यानं भिंतीकडं बोट केलं. खिळ्यांना दहा-बारा जुने सायलेन्सर लटकत होते. "ती समदी पोरांची ठेव हाय. बाहेर फिरायचं असलं की इथं येऊन मोठ्या आवाजाचा चढवायचा. परत आलं की इथंच उतरवायचा, कंपनीचा बसवायचा आणि गुमान घरला. आईला वाटतंय, माझं लेकरू लई गरीब. तुमी घ्यायला आलासा, तुमचं कौतुकच!"

मंगल हसली नाही. "वाजवून दाखवा. ऐकल्याबिगर घ्यायची न्हाय."

सौरवची स्वतःची मोटरसायकल स्टँडवर होती. त्यानं तिला पहिला नवा सायलेन्सर बसवला, गाडी चालू केली, मूठ पिळली, सोडली.

"ह्यो न्हवं."

दुसरा. तिसरा. प्रत्येक वेळी ती डोळे मिटून उभी राहायची. मूठ सोडल्यावर मागं काय उरतं, तेवढंच ऐकायची.

"ह्यो घशातनं वरडतोय," तिसऱ्याला ती म्हणाली. "छातीतनं यायला पायजे."

"आक्का, गाण्याचा क्लास घेता काय?" सौरव म्हणाला. "पोराला तरी आवडंल का तुमचं?"

"समर्थचं काय सांगावं. बाप गेल्यापास्नं गाडीला हात लावत न्हाय. म्हटलं, नवं काय तरी बसवलं तर फिरंल."

हे वाक्य तिनं बसमध्ये बसल्या बसल्या जुळवलं होतं. त्यातलं निम्मं खरं होतं.

सायलेन्सर तिला घ्यायचाच नव्हता. ती एक आवाज शोधत होती. कोल्हापुरातली चार दुकानं झाली होती, बेळगावची तीन, काकतीचं एक. निपाणीतलं हे शेवटचं.

पाच महिन्यांपूर्वी, एका रविवारी दिवस मावळताना, ती आणि तिचा नवरा भरमू रानातून परतत होते. हायवेच्या कडेच्या रस्त्यानं भरमू दहा पावलं पुढं होता. मंगलच्या डोक्यावर वैरणीचा भारा होता आणि त्याचे शेंडे डोळ्यांवर आले होते. तिला पायापुरतीच वाट दिसत होती. मागून गाडी आली. तिनं ती पाहिली नाही, फक्त ऐकली. धक्का बसला, गाडी क्षणभर मंदावली, मूठ सुटली, दोन बार उडाले, तिसरा गिळल्यासारखा अर्धाच. मग गाडी निघून गेली.

भारा टाकून ती पोचली, तेव्हा भरमू बोलत होता. पाऊण तास तो जिवंत होता. पाऊण तास तिला एकही वाहन मिळालं नाही.

हवालदारानं विचारलं होतं, गाडी कुठनं आली, कुठं गेली? कोल्हापूरकडनं आली, निपाणीकडं गेली. "मग तुमच्या गावचा न्हाय तो," हवालदार म्हणाला. "गावचा असता तर फाट्यावर वळला असता." मंगललाही ते पटलं. कागदावर 'अनोळखी वाहन' असं लिहिलं गेलं, ते अजून तसंच आहे.

त्या रात्री समर्थ घरी आला, तेव्हा अंगणात माणसं जमली होती. गाडी तशीच आडवी पडू देऊन तो बापाच्या पायाशी बसला. बाराव्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. पोराचं तोंड बघून मंगलनं स्वतःचं रडणं आवरलं. या हेलपाट्यांबद्दलही तिनं त्याला काही सांगितलं नव्हतं. जखमेवरची खपली कशाला काढा?

त्या माणसाला तुरुंगात घालायचं का, ते तिचं ठरलं नव्हतं. तिला एवढंच विचारायचं होतं, मंदावलास तर थांबला का न्हाईस?

नवे पाचही वाजवून झाले. "आता त्यातले वाजवा," ती भिंतीकडं बघत म्हणाली.

"ते इकायचे न्हाईत, आक्का."

"वाजवा, दादा. लांबनं आलेय."

सौरव कुरकुरला, पण त्यानं एक उतरवला. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येकाला नट आवळायचे, परत सोडायचे. चौथा बसवला तेव्हा बारा वाजत आले होते. त्यानं मूठ पिळली आणि सोडली.

दोन बार. तिसरा अर्धा.

मंगलनं शेजारच्या स्टुलाची कड धरली.

"परत," ती म्हणाली.

त्यानं परत वाजवला. रस्त्यावरचा एक कुत्रा भुंकत पळाला.

"ह्यो. ह्यो कुणाचा?"

"फटाका म्हणतो मी त्याला. खरी नावं मी इचारत न्हाय, घरच्यांनी धरलं तर माझ्या तोंडातनं निघायला नको. आतली आवाज दाबणारी पुंगळी अर्धीच काढ म्हणून हट्टाला पेटला. असला आवाज करणारा दुसरा न्हाय माझ्याकडं." सौरवनं पाइपावरची धूळ बोटानं पुसली. "पाच महिने झाले, इकडं फिरकला न्हाय."

"मला ह्योच पायजे."

"माझा न्हाय की वो तो."

"मग त्याला इचारा. आत्ता. माझ्या म्होरं."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. सौरवनं वाद घातला नाही. त्यानं फोन काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन मधे धरला. घंटी बराच वेळ वाजली. मंगलनं पदरानं तोंड पुसलं. पाच महिने घोकलेला प्रश्न तिनं मनात एकदा म्हणून बघितला.

फोन उचलला गेला.

"फटाक्या, सौरव बोलतोय. एक आक्का आल्यात, तुझा सायलेन्सर मागत्यात. हं, बोला, आक्का, तुमीच इचारा."

"हॅलो? कोण आक्का?" समर्थ म्हणाला.