शेंदरीआईची साक्ष

"शेंदूर जास्त खरवडू नका, आई कोपेल," तान्हूबाई गुरवीण म्हणाली.

"बाई, ही आई-बिई काही नाही. हा शिलालेख आहे." डॉ. बेहेऱ्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि जुन्या मराठीचे प्राध्यापक असलेल्या बेहेऱ्यांची मान अशी काही ताठ झाली, की वाटावं दर्जा यांनाच मिळालाय. तालुक्यातला एक सत्कार सोडला नाही गृहस्थाने. दिसला फेटा की घाल डोकं! आता कुरुंदवाडीत अभिजात मराठी भवन व्हायचं होतं. त्याचा संचालक कोण होणार, हे सांगायलाच नको.

अडचण एकच होती. भवनासाठी पसंत पडलेली जागा तान्हूबाईची होती. अंगणात शेंदरीआईचा दगड आणि मागे तिच्या दोन खोल्या. आईच्या पूजेसाठी ही जमीन आमच्या घराण्याला दिलेली आहे, असं ती सांगायची. पुरावा काही नव्हता. शेवटी सरपंच शेलारांनी ग्रामसभेत तोडगा काढला, की दगडावर कोरलंय ते खरं मानायचं. तान्हूबाई लगेच कबूल झाली. बिचारीला वाटलं, दगड कशाला खोटं बोलेल?

दगडाच्या माथ्यावर शेंदूर थापून थापून आईचं तोंड झालं होतं. त्याला कुणी हात लावला नाही. खालच्या झिजलेल्या ओळी तेवढ्या मोकळ्या केल्या. बेहेऱ्यांनी त्यांच्यावर पीठ चोळलं, चष्मा पुसला, घसा खाकरला. सगळं गाव अंगणात जमलं होतं.

"नीट वाचा, सर," तान्हूबाई म्हणाली. "माझं घर हाय हे."

"उभा जन्म गेलाय माझा यात. तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"मला कुठं कळतंय? म्हणून तर तुमच्या पाया पडते."

सर वाचू लागले. काय तो आवाज, काय ते ओळीवरून फिरणारं बोट! मध्येच स्वतःलाच "वा!" म्हणत होते.

"ही भूमी समस्त गावास दिली असे. कोणा एका घराची नव्हे." ते गावाकडे वळले. "अहो, किती जुनी मराठी ही, आणि किती स्वच्छ! काटा आला माझ्या अंगावर."

सरपंचांच्या अंगावर काटा-बिटा काही आला नाही, पण पहिली टाळी त्यांचीच पडली.

तान्हूबाईने दगडाला हात जोडले. "आईच म्हणतीय तर काय बोलायचं? सामान हलवायला तेवढा वेळ द्या."

"ते बघू नंतर. उद्या भवनाच्या भूमिपूजनाला मंत्री यायचेत. दगड आजच चौथऱ्यावर गेला पाहिजे," सरपंच म्हणाले.

गड्यांनी बुडाशी पहारी घातल्या. दगड हलला, गचका बसला, आणि माथ्यावरचं शेंदराचं कवच टरफलासारखं निखळून खाली पडलं.

सगळे पुढे सरकले. आत आईचं तोंड नव्हतं. कोरलेलं गाढव होतं. पाठ खाली आणि चारी पाय आभाळाकडे.

तान्हूबाईने मान वाकडी करून आधी गाढवाकडे पाहिलं, मग ओळींकडे, मग सरांकडे.

"सर," ती म्हणाली, "दगड तर उलटा पुरलाय. मग मघाशी तुमी वाचलंत काय?"