खरजुल्याच्या शिव्या

"'धन्यवाद! आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' हे सार्नोसो म्हणतोय? सार्नोसो?" नोएमीनं मोबाइल टेबलावर आपटला.

कुस्तीगृहामागच्या त्या खोलीत मालक डॉन फर्मिन खुर्चीत बसले होते. शेजारी ग्वादालाहारा शहरातल्या, लोकांची पेजेस चालवणाऱ्या कंपनीचा बार्रागान, मांडीवर लॅपटॉप. आणि भिंतीकडेच्या बाकावर मुखवटा चढवून बुटांच्या नाड्या आवळत होता खुद्द एल सार्नोसो, म्हणजे खरजुल्या. पुएब्ला शहरातला सगळ्यात दुष्ट पैलवान. रविवारी लोक तिकीट काढून त्याची हुर्यो उडवायला यायचे. बाकीचे दिवस त्याच्या शिव्या त्यांना त्याच्या पेजवर मिळायच्या, आणि त्या लिहायची नोएमी. घरी बसून, एकटी, कित्येक वर्षं. गेल्या महिन्यात मालकांनी सगळ्या पैलवानांची पेजेस एका दमात कंपनीला देऊन टाकली. नोएमीला ते कळलं पेज उघडल्यावर, चार लोकांसारखंच.

"आमची एक मुलगी चाळीस पेजेस सांभाळते," बार्रागान म्हणाला. "होतं कधी कधी."

"तिला कशाला दोष देऊ? चाळीस तोंडांनी बोलायचं म्हटल्यावर माणूस धन्यवादच म्हणणार."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. आमच्यात या. सार्नोसो तुम्हीच लिहा. शिवाय एक दातांचा दवाखाना, दोन टायरवाले, एक शाळा. इथं सही करा. आजवर लिहिलेलं सगळं कंपनीचं, आणि ते तुम्ही लिहीत होतात हे कुठे बोलायचं नाही."

"आजवरचंसुद्धा?"

"सगळ्यांना तोच नियम आहे."

"कर सही, पोरी," डॉन फर्मिन म्हणाले. ते वाईट बोलत नव्हते. "तुझ्याकडचं बेकरीचं पेज गेलं, त्या फुलांच्या दुकानाचं गेलं. सगळ्यांनी कंपन्याच धरल्यात. एकटीनं किती दिवस तग धरशील?"

हे खरं होतं. सार्नोसोचं पेज हे तिच्याकडचं शेवटचंच काम होतं. नोएमीनं पेन उचललं आणि बाकाकडे पाहिलं.

"वस्ताद, तुम्ही तरी काही बोला."

सार्नोसोनं मान वर केली नाही. "मला बोलता आलं असतं, तर तुला कशाला लिहायला लावलं असतं?"

नोएमीनं पेन खाली ठेवलं.

"मालक, पेज तुमचं. खुशाल न्या. शिव्या माझ्या आहेत, त्या नाही मिळायच्या."

ती बाहेर पडली आणि घरी न जाता प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. 

सार्नोसो रिंगणात उतरला. एरवी तो दिसला की छप्पर उडेल अशी हुर्यो व्हायची. आज वरच्या बाकांवरून कुणीतरी मधाळ आवाज काढला, "धन्यवाद, सार्नोसोसाहेब!"

"आपला अभिप्राय मोलाचा आहे!" दुसरा ओरडला. मग सगळेच. माणसं पोट धरून हसायला लागली. दुष्टाचा राग येतो तोवर त्याची भाकरी आहे. त्याचं हसू झालं की संपला.

त्यानं माईक हातात घेतला. मुखवट्याच्या भोकात ओठ हलले. शब्द फुटेना. हसू आणखी वाढलं.

मग तो दोरांपाशी आला, रांगांवरून नजर फिरवत थांबला, आणि वाकून माईक खाली धरला. थेट नोएमीसमोर. दाराशी उभा असलेला बार्रागान जोरजोरात नकारार्थी मान हलवू लागला. डॉन फर्मिन ताडकन उठले.

"ये," सार्नोसो म्हणाला. माईक चालूच होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "मुखवटा माझा, तोंड तुझं. कळू दे एकदा."

नोएमी दोरांतून आत शिरली. वर फार प्रकाश होता, समोर नुसता काळोख. तिनं त्याच्या हातातला माईक घेतला आणि तोंड उघडलं:

"काय रे मेल्यांनो, धन्यवाद पाहिजे? तुमच्या घरचा मोलेचा रस्सा नाक न मुरडता गिळतो ना, त्या जावयाला म्हणा धन्यवाद! कुत्र्यापुढे ठेवला तर तो मरायला टेकल्यागत पाद्री बोलवायला धावेल!"

हसू जागच्या जागी थांबलं. पुएब्लात आईला शिवी दिलेली एक वेळ चालते, शहराच्या मानाच्या मोलेला नाही.

पहिल्या रांगेतली एक म्हातारी काठी टेकत उठली.

"तू होतीस होय गं, सटवे, इतकी वर्षं?"

आणि डोळे पुसत तिनं, दर रविवारी सार्नोसोवर काढायची तशीच, पायातली चप्पल काढली, नेम धरला, आणि सगळं बळ एकवटून रिंगणात भिरकावली.