नको ते माणूस

दवाखान्यात मेंदूचा सराव करून घेणारी पोरगी म्हातारीशी बोलायची ती भिंतीशी बोलल्यासारखी. आल्या आल्या तिने म्हातारीच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली.

"आजी, कालचंच. नको ते माणूस मनानं ढकला. पडद्यावरचं वर्तुळ हिरवं झालं, की गेलंच समजा."

आजारपणापासून म्हातारीला कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक माणूस बसलेला दिसायचा. तो दिसायचा थांबल्याशिवाय लेक तिला घरी न्यायला तयार नव्हता.

"कोण नको, हे आजवर मीच ठरवत आलेय," म्हातारी फणकारली. "तो बिचारा निदान ऐकून तरी घेतो."

"तोंड बंद, आजी. समोर बघा."

म्हातारीने दात आवळले आणि सगळा जीव एकवटून नको ते माणूस ढकललं. वर्तुळ हिरवंगार झालं.

"शाब्बास! गेला ना?"

पोरीचा आवाज अगदी कानाशी आला. कानाशी कुणीच नव्हतं. टोपीच्या तारा एकेक करून आपोआप सुटत होत्या. खुर्चीवरचा माणूस पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसला.

म्हातारीने मान ताठच ठेवली.

"तो बसलाय की. गेलीस ती तू. आणि मी काही तुला परत बोलवायची नाही."